कालिपाचं पूर्ण मिनिट

तुम्ही शेवटचा कुणाचा श्वास कधी मोजलात?

तापाचं विचारत नाही. ताप सगळेच बघतात, कपाळाला हात लावला की झालं. प्रेशर तर लोक हौसेनं मोजून घेतात आणि शेजाऱ्यापेक्षा आपलं जास्त निघालं तर चारचौघांत सांगत सुटतात. श्वासाचं बोला. मिनिटाला किती? घड्याळ समोर धरून, पूर्ण मिनिटभर? नाही ना मोजलात? मग कालिपाला नावं ठेवण्याआधी जरा दम धरा. तिनंही एकदा मोजला नव्हता. फरक एवढाच, की तिचं ते कामच होतं.

डोंगरातल्या कारा-बुलुन गावच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात कालिपा तेहेतीस वर्षं फेल्डशर होती. फेल्डशर म्हणजे डॉक्टर नव्हे आणि नुसती नर्सही नव्हे. डॉक्टर जिथं येत नाही तिथं जी येते, ती. अंगानं थोराड, चालणं आत्ताच घोड्यावरून उतरल्यासारखं, आणि तोंड असं की जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत तिचा फोन वाजला की साहेबलोक एकमेकांकडं बोट दाखवायचे. "वह्या पाठवता गठ्ठ्यानं, आणि सेकंदकाट्याचं एक घड्याळ मागितलं तर वर्ष लागतं? वहीनं श्वास मोजू का?" असं तिनं एकदा भर बैठकीत विचारलं होतं. घड्याळ आलं नाहीच. नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ, काचेला आडवा तडा गेलेलं, तेच ती वापरत राहिली. कुठल्याशा संस्थेनं प्राणवायू मोजायची बोटाची चिमटी दिली होती. तान्ह्या बाळाच्या बोटावर ती बसायची नाही, आणि दोन महिन्यांत सेल संपले. कालिपानं ती खिडकीच्या पडद्याला लावून टाकली.

ती शिकली तेव्हा एक म्हाताऱ्या बाई त्यांना शिकवायच्या. बाई मुलींना जोडीजोडीनं बसवायच्या आणि एकमेकींचे श्वास मोजायला लावायच्या. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारी पोरगी वर्गाबाहेर. "तान्हं बाळ सरळ श्वास घेत नाही," बाई म्हणायच्या. "भराभरा घेतं, मग विसरल्यासारखं थांबतं, मग पुन्हा घेतं. गुणाकार केलात तर बाळ नाही मोजलंत, स्वतःचा आळस मोजलात." तान्ह्याला साठच्या आत ठीक. साठ किंवा वर गेलं तर पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढंच आलं तर पळायचं.

पण कारा-बुलुनमध्ये मोजायचं कसं, ते बाईंनी शिकवलं नव्हतं. तिथं जिवंत माणसाला मोजत नाहीत. मेंढ्या मोजतील, त्याही मनातल्या मनात. नातवंडं किती, असं एखाद्या आजीला विचारून बघा, ती म्हणेल, "देवानं दिली तेवढी." आणि श्वास? श्वास मोजायचा तो जाणाऱ्या माणसाचा, उशाशी बसलेल्यांनी. म्हणून कालिपानं आपली युक्ती काढली होती. नाडी बघणारे जुने वैद्य त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यामुळं मनगट मागितलं की लोक आनंदानं पुढं करत. ती बोटं मनगटावर ठेवायची, नजर मात्र छातीवर. लोकांना वाटायचं, एजेची बोटं लई शहाणी. एजे म्हणजे ताई. गावात तिला सगळे एजेच म्हणायचे.

पाळण्यातल्या बाळापुढं मात्र ही युक्ती चालायची नाही. तिथल्या पाळण्याला बेशिक म्हणतात. त्यात बाळाला पट्ट्यांनी गच्च बांधतात, हात-पाय सरळ करून, आणि वरच्या दांडीवरून एकावर एक सात कापडं टाकतात. आतलं बाळ ऊबदार राहतं, दचकत नाही, छान झोपतं. ह्या पाळण्यात गावंच्या गावं वाढली, कालिपा स्वतः वाढली. पण बाळ श्वास घेतं पोटानं, आणि पोट असतं पट्ट्याखाली.

मार्चमधली दुपार. बर्फ वितळायला लागलं होतं, म्हणून घाटात दरडीसारखं बर्फ घसरायचं, आणि तीननंतर शहराकडं जाणारा घाटाचा नाका बंद व्हायचा. कालिपा उमसुनाय आपांच्या घरी शिरली तेव्हा साडेबारा वाजले होते. उमसुनाय आपा म्हणजे सत्तरीची बाई, घरातला शेवटचा शब्द तिचा. मुलगा मॉस्कोत इमारतींच्या कामावर. घरात ती, सून मीरगुल आणि सव्वीस दिवसांचं बाळ. बाळाचं नाव तोक्तोसुन. राहू दे, थांबू दे, असा त्याचा अर्थ. ज्या घरात आधीची मुलं राहिली नाहीत त्या घरात असं नाव ठेवतात. मीरगुलचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. दुसरी मुलगी एकोणीस दिवसांची होऊन गेली, तीन वर्षांपूर्वी.

"आलीस का?" आपा बाहीसकट हात पुढं करून बसल्याच होत्या. "आधी माझं प्रेशर बघ. सकाळपासून डोकं धरलंय. सुनेनं चहात मीठ कमी टाकलं असणार."

"बाही वर करा, आपा. कोटाचं प्रेशर नाही मोजत मी." कालिपानं पट्टा बांधला, फुगवला, कान लावून ऐकलं. "एकशे साठ. मीठ कमी टाकलं असेल तर सुनेचा मुका घ्या."

"एकशे साठच? त्या वरच्या आळीतल्या सइराला म्हणे एकशे सत्तर."

"मग काय, शर्यत लावता का तिच्याशी?"

आपा खूश होऊन हसल्या. मीरगुल गुडघ्यांवर बसून चहा ओतत होती, वाटी अर्धीच भरत होती, रीतीप्रमाणं, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा. नजर खाली. तिनं वाटी पुढं केली आणि कालिपाला तिच्या झग्यावर छातीशी दोन ओले डाग दिसले. मोठे, पसरलेले. दुधाचे.

कालिपानं वाटी खाली ठेवली. "बाळ कधी प्यायलं गं?"

प्रश्न सुनेला होता. उत्तर सासूनं दिलं. "पोट भरलंय त्याचं. गुणी बाळ आहे. कालपासून रडलंसुद्धा नाही."

"कालपासून?"

"कुणाला नको असतं का असं बाळ? तुझा पोरगा आठवतो मला, सगळं गाव जागं ठेवायचा."

मीरगुल सासूसमोर बोलायची नाहीच. फक्त चहाची किटली तिनं खाली ठेवली ती इतकी हळू, की आवाज होऊ नये म्हणून जीव मुठीत धरल्यासारखी.

"ताप बघते," कालिपा म्हणाली.

थर्मामीटर घेऊन आपाच उठल्या. चाळीस दिवस होईपर्यंत बाळ बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडू द्यायचं नसतं. आपांनी कापडांखाली हात घातला, पट्टा किंचित सैल केला, थर्मामीटर काखेत सरकवला आणि दहा मिनिटं दांडीला धरून पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहिल्या. मग काढून खिडकीपाशी नेला. "बघ. छत्तीसच. ताप नाही!"

"छत्तीस कमी आहे, आपा. एवढ्याशा जिवाला ताप नसला म्हणजे चांगलंच असं नाही. पट्टे सोडा. मला पोट बघायचंय."

"चाळिसाव्या दिवशी बघ."

"आज बघायचंय."

"अगं, तू काय आज पहिल्यांदा येतेस?" आपांचा आवाज चढला. "मागच्या खेपेलाही आली होतीस ना? तेव्हाही मी सोडू नाही दिले. आणि तूच म्हणालीस, सगळं ठीक आहे. वहीत लिहिलंस माझ्यासमोर. पुढं नशिबात नव्हतं, ती गोष्ट वेगळी."

कालिपानं पाळण्याकडं बघितलं.

हीच खोली होती. हाच पाळणा. त्या दिवशी ती तीन वस्त्या पायी करून आली होती, बूट ओले, बाहेर अंधारून आलेलं. आपांनी पट्टे सोडायला नाही म्हटलं, आणि भांडणात रोज पुढं असणाऱ्या कालिपाला त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला. तिनं वही उघडली आणि लिहिलं: ताप छत्तीस पूर्णांक सहा, श्वास चाळीस. चाळीस हा बरा आकडा. कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. तपासनीस आला, वही बघून म्हणाला, "नोंद पूर्ण आहे. शाब्बास." गावात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. उलट आपांनीच तिचे हात धरून तिला रडू दिलं. ती वही दवाखान्याच्या कपाटात सगळ्यात खाली होती. ती कुठं आहे हे कालिपाला डोळे मिटूनसुद्धा माहीत होतं.

तिनं घड्याळ बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं. नाक्यापर्यंत दीड तास.

"आपा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी मोजलं नव्हतं."

"काय मोजलं नव्हतं?"

"तुमच्या नातीचा श्वास. वहीत चाळीस लिहिलं ते मनानं लिहिलं. मी तिच्याकडं बघितलंच नाही. तुम्ही नाही म्हणालात, आणि मला बरंच वाटलं, कारण मला घरी जायचं होतं."

मीरगुलनं मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून घरच्या मोठ्यांसमोर तिनं असं सरळ कुणाच्या तोंडाकडं बघितलं नसेल.

"सगळं ठीक आहे, हे मी खोटं बोलले. ती तेव्हाच आजारी होती का, मला ठाऊक नाही. कधीच कळणार नाही. कारण मोजलंच नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा, सगळ्या गावाला सांगा, कचेरीत कागद करा, मी सही करते. पण आत्ता पट्टे सोडा."

उमसुनाय आपा उठल्या. कालिपाला वाटलं, आता तोंडात बसणार. आपांनी तिच्यासमोरची चहाची वाटी उचलली आणि उरलेला चहा चुलीतल्या राखेत ओतला. त्या भागात पाहुण्यापुढचा चहा उचलून नेणं म्हणजे त्याला दार दाखवणं.

मग आपा पाळण्याशी गेल्या. एकेक करून सातही कापडं काढली. गाठी सोडायला लागल्या. एक गाठ सुटेना, तर दातांनी सोडली.

"मोठ्यानं मोज," पाठ न वळवता त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला मोठ्यानं. मला ऐकू आलं पाहिजे."

कालिपानं घड्याळ पाळण्याच्या दांडीला टेकवलं. बाळ राखट रंगाचं होतं, ओठांभोवती निळसर. नाकपुड्या दर श्वासाला फुलत होत्या. पोट उचलायचं आणि त्याच वेळी फासळ्यांखाली खड्डा पडायचा, कुणी आतून दोरी ओढल्यासारखा. सेकंदकाटा बारावर आला.

"एक. दोन. तीन. चार."

जिवंत माणसाचा श्वास त्या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं मोजत होतं. मीरगुलनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. अठरावर बाळ थांबलं. काटा एक, दोन, तीन घरं पुढं गेला. आपांचा हात पाळण्याकडं झेपावला.

"हात लावू नका! घेईल. एकोणीस. वीस. एकवीस..."

"चाळीस," कालिपा म्हणाली, आणि तिचा आवाज त्या आकड्यावर चिरला. काटा अजून अर्ध्याच्या थोडाच पुढं होता. चौतीस सेकंद.

एकाहत्तरला मिनिट भरलं.

"पुन्हा," आपा म्हणाल्या. कालिपा पुन्हा मोजणारच होती. एकोणसत्तर.

"न्यायचं," कालिपा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

रुग्णवाहिका घाटापलीकडं होती आणि उद्या येणार होती. असल्या 'उद्या'वर कालिपानं तेहेतीस वर्षं काढली होती. फोनवर तिनं काय शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पिशवीतून औषध काढून तिनं पहिलं इंजेक्शन दिलं. मग शेर्मातला हाक मारली. शेर्मात दूध गोळा करायची गाडी चालवायचा, पन्नाशीचा, तोंडाळ माणूस.

"एजे, गाडीला दुधाचा वास येतो, हं."

"बाळाला आवडेल. चालव."

"आणि ब्रेक थोडे..."

"शेर्मात, तुझ्या ब्रेकचं मी नंतर ऐकते. तुझी मूळव्याध मी बघितली तेव्हा मी काही बोलले का?"

शेर्मातनं गाडी सुरू केली. मीरगुलनं बाळ झग्याच्या आत, उघड्या छातीवर धरलं, वर शाल, वर कोट. कालिपानं कोटाची एक बाजू दुमडून ठेवायला लावली, पोट दिसेल एवढी. शेजारी आपा. पूर्ण रस्ताभर कालिपा मोजत राहिली, खड्ड्यात आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बहात्तर. सत्तर. एकदा बाळ इतकं थांबलं, की तिनं त्याच्या तळव्याला टिचकी मारली, तेव्हा कुठं पुढचा श्वास आला. आपा कालिपाशी एक शब्द बोलत नव्हत्या. पण आकडा ऐकू आला नाही की कोपरानं ढोसायच्या.

नाक्यावर पोचले तेव्हा तीनला सात मिनिटं होती आणि दांडी आधीच खाली आली होती. नाक्यावरचा माणूस मान हलवत होता, वर बर्फ हललंय म्हणे. उमसुनाय आपांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"तुझ्या घड्याळात तीन वाजले का रे?"

"नाही, आपा, पण..."

"मग दांडी वर घे! तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईला गरम पाणी मी आणून दिलंय. घे वर!"

दांडी वर गेली. घाटात एका वळणावर रस्त्यावर बर्फाचा ढीग पसरला होता. शेर्मातनं गाडी दरीच्या कडेनं काढली, आणि त्या वेळातही कालिपानं मोजणं सोडलं नाही.

शहरातल्या इस्पितळात लांब पांढरी खोली, आणि टेबलाशी एक तरुण नर्स. तिनं बाळाच्या काखेत थर्मामीटर सरकवला, कागद ओढला आणि लिहायला लागली. नाव. दिवस. वजन. बाळाकडं न बघता तिनं पुढचा रकाना भरला.

कालिपाच्या डोक्यात तिडीक गेली. पण तिच्याआधी एक सुरकुतलेला हात पुढं आला आणि नर्सच्या मनगटावर बसला.

"काय लिहिलंस तिथं?" उमसुनाय आपांनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं.

"श्वास, आजी. चाळीस."

"कधी मोजलास? मी इथंच उभी आहे, बाई. तू नाही मोजलास."

"आजी, आम्हाला रोजचं काम आहे हे..."

"हिलाही रोजचंच होतं." आपांनी कालिपाकडं बोट केलं, मान न वळवता. "खोड ते. मोज. पूर्ण मिनिट. आणि मोठ्यानं मोज."

पोरगी घाबरली, रागावली, मग बाळाकडं बघून तिचा चेहराच बदलला. चौऱ्याहत्तर. ती डॉक्टरला बोलवायला धावली, आणि मग बाळाच्या नाकाला नळी लागली, पायाला सुई, आणि दार बंद झालं.

न्यूमोनिया होता. नऊ दिवस लागले. पहिले तीन दिवस डॉक्टर कसलीच खात्री द्यायला तयार नव्हते. चौथ्या दिवशी तोक्तोसुन रडला, असा, की मीरगुल व्हरांड्यात भिंतीला टेकून खालीच बसली.

कालिपानं गावात परत आल्यावर कपाटातली ती वही काढली. त्या जुन्या ओळीखाली लिहिलं, "मोजला नव्हता," आणि सही केली. कचेरीला पत्रही पाठवलं. तिकडून उत्तर आलं, की प्रकरण जुनं आहे, नोंदी विस्कटू नयेत. तिनं ते उत्तर त्याच वहीत डकवलं.

गावात बातमी फिरली. काही घरांनी तिला पुन्हा चहा दिला, काहींनी नाही दिला. चाळीस दिवस झाल्यावर तोक्तोसुनला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घातलं, सगळी आळी जेवायला होती, कालिपाला बोलावणं नव्हतं. ती दवाखान्यात बसून राहिली, आणि तिनं कुणाला दोषही दिला नाही.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. उमसुनाय आपा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"त्रेचाळीस," आपा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जिवंत माणसाला कधी न मोजणारी ती बाई. रोज सकाळी एक आकडा आणि फोन बंद. एकेचाळीस. शेहेचाळीस. अडतीस. कालिपा वहीत लिहून ठेवायची. एका सकाळी फोन आलाच नाही. कालिपानं अर्धा तास वाट बघितली, मग कोट चढवला, पिशवी घेतली, दाराची कडी काढली, तेवढ्यात वाजला.

"बेचाळीस," आपा म्हणाल्या. मग जरा थांबून, "दूध उतू चाललं होतं." आणि ठेवला.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात आत्ता कुणीतरी झोपलं असेल, तान्हं असो की म्हातारं. उठा. सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या, पांघरूण हळूच बाजूला करा आणि मोजा. पूर्ण एक मिनिट. गुणाकार करू नका.